गरम झाली की बंद पडणारी एफ-१५० आणि एक काळी वायर

मागच्या ऑगस्टमध्ये माझी फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक रस्त्यात पाच वेळा बंद पडली. १९८१ ची गाडी, तीनशे क्युबिक इंचाचं म्हणजे ४.९ लिटरचं सरळ सहा सिलेंडरचं इंजिन, एका नळीचा कार्बोरेटर, एसी नाही. आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बाहेर राहतो आणि इथं ऑगस्टमध्ये दुपारी चाळीसच्या आसपास असतंच. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, मस्त पळायची, आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली की कुणीतरी हात घालून चावी बंद करावी तशी गप. मिसिंग नाही, आचके नाहीत, थेट बंद. कडेला घेऊन अर्धा तास थांबलं की परत सुरू, काही झालंच नाही असं.

पहिल्यांदा वाटलं पेट्रोल. एवढ्या उन्हात जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत लाईनमध्ये पेट्रोलची वाफ होते हे सगळ्यांनाच माहिती आहे, म्हणून फिल्टर बदलला, पाईप एक्झॉस्टपासून लांब बांधला, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच वळणावर बंद. तिसऱ्या वेळी मी स्पार्क टेस्टर सोबत ठेवला होता, गाडी गरम असतानाच प्लगची वायर काढून लावला, बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. अर्ध्या तासाने तोच टेस्टर, तीच वायर, आणि टपटप निळी ठिणगी. म्हणजे पेट्रोलचा काही संबंध नाही, दोष इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत आहे आणि तो गरम झाल्यावरच दिसतो.

ज्यांनी पॉइंट-कंडेन्सरवाल्या, म्हणजे घासणाऱ्या स्विचने ठिणगी पाडणाऱ्या, गाड्या बघितल्यात त्यांना ह्या गाडीचं इग्निशन लगेच कळेल, फक्त पॉइंटच्या जागी एक डबा आहे. फोर्डची ही ड्युरास्पार्क-२ सिस्टीम. डिस्ट्रिब्युटरच्या आत शाफ्टवर सहा दात्यांचं चाक फिरतं, शेजारी चुंबक आणि एक छोटी कॉईल असते तिला पिकअप कॉईल म्हणतात, प्रत्येक दाता समोरून गेला की त्या कॉईलमध्ये बारीकसा करंट तयार होतो. तो दोन वायरींनी, एक नारिंगी एक जांभळी, फेंडरच्या (पुढच्या मडगार्डच्या) आतल्या बाजूला लावलेल्या डब्याकडे, म्हणजे मॉड्यूलकडे जातो. मॉड्यूल तेवढ्या इशाऱ्यावर मोठ्या इग्निशन कॉईलचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, तोडतं, कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि हजारो व्होल्ट प्लगकडे जातात. पॉइंट हेच काम घासून घासून करायचे, इथं घासायला काही नाही. पण मॉड्यूल म्हणजे डब्यात डांबरासारख्या मसाल्यात बुडवलेलं इलेक्ट्रॉनिक्स, आणि ते चाळीस वर्षं इंजिनच्या शेजारी भाजून निघालेलं असतं.

मॉड्यूलवर संशय असेल तर एक साधी चाचणी आहे, ती मी चौथ्या वेळी केली. गाडी बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडून पिण्याच्या पाण्याची थंड बाटली सावकाश मॉड्यूलवर ओतली, फक्त मॉड्यूलवर, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटरला पाणी लागू दिलं नाही. दोन मिनिटांत गाडी सुरू. एवढं झाल्यावर मला शंका राहिली नाही, गावातल्या पार्टच्या दुकानातनं रिबिल्ट मॉड्यूल आणलं, निळ्या रबरचं, कनेक्टर काढला, नवीन लावलं, झालं. तीन आठवडे चाललं. मग परत तेच, उन्हात, पोरगी शेजारी बसलेली, हायवेच्या मधल्या लेनमध्ये गाडी गप झाली. कशीबशी वेगावरच कडेला आणली. त्या दिवशी मी खरंच घाबरलो, आणि घरी आल्यावर कोल्हापूरला फोन लावला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, तीस वर्षांच्या वर चालवलं, महिंद्राच्या पेट्रोल जीप, अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, नंतर ट्रॅक्टर आणि टेम्पो. मी शाळेच्या सुट्ट्या तिथं वायरीच्या टोकांना थिंबल (दाबून बसवायचे धातूचे तुकडे) लावत आणि कथलाचे डाग मारत काढल्यात. आता त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढं आहे आणि दुकान बंद आहे, पण ऐकायची पद्धत तीच, सगळं बोलून होईस्तोवर मध्ये एक शब्द नाही. मी मॉड्यूलचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, दुसरं मॉड्यूल तीन आठवड्यांत गेलं ते सांगितलं. मग म्हणाले, "त्या डब्याला अर्थ कुठनं आलाय?"

मी म्हटलं, "अण्णा, डबा बॉडीला स्क्रूने लावलाय की."

"लावलाय ते दिसतंय. अर्थ कुठनं आलाय ते विचारतोय. वायर बघ, डाग्रॅम बघ."

बघितला. आणि खरंच, ड्युरास्पार्कचा अर्थ डब्याच्या स्क्रूतनं येत नाही. चार पिनांच्या कनेक्टरमध्ये नारिंगी, जांभळी, हिरवी आणि काळी अशा वायरी आहेत. हिरवी कॉईलच्या मायनसला जाते. काळी जाते डिस्ट्रिब्युटरमध्ये, आणि तिथं आतल्या बाजूला एका छोट्या पट्टीने डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला पकडलेली असते. म्हणजे कॉईलचा सगळा करंट मॉड्यूलमधनं त्या एका काळ्या वायरीने डिस्ट्रिब्युटरमध्ये, तिथनं इंजिनच्या लोखंडात आणि मग बॅटरीकडे. १९८१ पासून त्या पट्टीकडे कुणी बघितलेलं नसणार. मीही मॉड्यूल बदललं आणि ती वायर तपासली नव्हती.

मी मीटर लावला. काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.४ ओहम. अण्णांना सांगितलं, चांगलं आहे म्हणून. ते म्हणाले मीटर बाजूला ठेव, हेडलाईटचा बल्ब आण.

हा प्रकार मला लहानपणापासून माहिती होता पण का करतात ते त्या दिवशी नीट डोक्यात शिरलं. मीटर ओहम मोजताना वायरीतनं नावाला करंट सोडतो. वायरीच्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटरला ती वायर जवळजवळ चांगलीच दिसते. पण ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर खेचतो, आणि इग्निशन कॉईल साधारण तेवढाच खेचते. म्हणून वायरीला तिच्या रोजच्या कामाएवढं ओझं देऊन बघायचं. मॉड्यूलचा कनेक्टर काढला, हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या काळ्या वायरीच्या पिनला बल्बचं एक टोक, दुसरं टोक थेट बॅटरीच्या प्लसला. फोन टायरवर उभा केलेला, तिकडून अण्णा बघतायत. बल्ब पेटला पण पिवळट, पेंगुळलेला. "आता वायर हलव," अण्णा म्हणाले. डिस्ट्रिब्युटरच्या रबरापाशी वायर दोन बोटांत धरून जरा वाकवली आणि बल्ब लाल होऊन विझलाच. सोडली, परत पिवळट. मग तोच बल्ब थेट बॅटरीच्या मायनसला लावून बघितला तर डोळे दिपतील असा पांढरा.

डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढला, पट्टीचा स्क्रू काढला, खाली हिरवी-पांढरी भुकटी आणि वायरीचं कव्हर कडक झालेलं. नखाने कव्हर सोललं तर आतली तांब्याची तार काळी पडली होती आणि वाकवली तशा एकेक तारा तुटून हातात आल्या. चार-पाच तारा राहिल्या होत्या. इंजिन गरम झालं, इन्सुलेशन मऊ झालं की त्या तारा एकमेकींपासून सुटायच्या असणार, थंड झालं की परत टेकायच्या.

पिकअप कॉईल तेवढ्यात तपासून घेतली. नारिंगी आणि जांभळीच्या मध्ये ४०० ते १,००० ओहमच्या आसपास यायला पाहिजे, माझी ५८० आली, हेअर ड्रायरने गरम करून वायर हलवत परत बघितली तर आकडा थोडा वाढला पण उड्या मारल्या नाहीत. ती चांगली. मोठ्या कॉईलची प्रायमरी १.२ ओहम, तीही चांगली.

काळी वायर नवीन टाकली आणि गाडी चालू केली. पन्नास मिनिटं चालली. आधी वीस चालायची, म्हणजे फरक पडला, पण शेवटी बंद पडलीच, आणि पाणी ओतल्यावर परत सुरू झाली. मला वाटतं अर्थ कमजोर असताना ते दुसरं मॉड्यूल इतके दिवस भाजलं गेलं की आता गेल्यातच जमा. वॉरंटीमध्ये तिसरं मिळत होतं. मी नको म्हटलं. ज्या डब्याच्या आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही त्याच्या भरवशावर पोरीला घेऊन हायवेला जायची माझी तयारी नव्हती.

इथं जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) एचईआय, म्हणजे हाय एनर्जी इग्निशन, मॉड्यूलचा विषय येतो. जुन्या फोर्डच्या माणसांना फोर्डमध्ये जीएमचा पार्ट हे आवडत नाही, माझ्या शेजारच्या आजोबांनी तर दोन दिवस त्या विषयावर बोलणंच टाळलं. पण बघा, चार पिनांचं हे मॉड्यूल १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जीएमच्या गाड्यांत आलं आणि पुढं कित्येक वर्षं राहिलं, त्यामुळं आजही अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही पार्टच्या दुकानात ते पडलेलं असतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, दोन स्क्रूंवर बसतं, एक जास्तीचं ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं तर रस्त्यात स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांत बदलता येतं. आणि ते फोर्डच्या पिकअप कॉईलवर चालतं, डिस्ट्रिब्युटर बदलावा लागत नाही.

मॉड्यूलवर चार अक्षरं असतात. डब्ल्यू आणि जी एका बाजूला, ह्या दोन्ही पिकअप कॉईलकडे. बी आणि सी दुसऱ्या बाजूला, बी म्हणजे बॅटरीचा प्लस, सी म्हणजे इग्निशन कॉईलचा मायनस. पाचवी वायर नाही, कारण अर्थ मॉड्यूलच्या तळाच्या धातूतनं, स्क्रूमधनं जातो. म्हणजे इथं गोष्ट परत अर्थावरच आली, आणि ह्या वेळी मी ती आधी केली.

जुन्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसरवरचा अॅल्युमिनियमचा हीटसिंक होता घरात, पंख्यांसारख्या पात्यांचा. त्याच्या सपाट बाजूला भोकं पाडली, आटे पाडले, मॉड्यूलच्या तळाला प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट पातळ फासली आणि मॉड्यूल बसवलं. ही पेस्ट विसरू नका. मॉड्यूल कोरडंच लावलं तर मधल्या हवेमुळं उष्णता निघून जात नाही आणि मॉड्यूल लवकर जातं. हीटसिंक फेंडरच्या आत पुढच्या बाजूला लावला, जिथं ग्रिलमधनं वारा येतो, एक्झॉस्टपासून शक्य तेवढा लांब. मग मॉड्यूलच्या एका स्क्रूखाली थिंबल घालून १२ गेजची काळी वायर काढली आणि ती इंजिन ब्लॉकला, जिथं बॅटरीची मायनस केबल येते त्याच बोल्टला नेली. फेंडरच्या पत्र्यावर भरवसा ठेवला नाही, तिथं रंग, गंज, पुट्टी काय काय असतं.

आता प्लसचं. ड्युरास्पार्कमध्ये कॉईलकडे जाणाऱ्या लाईनमध्ये रेझिस्टन्स वायर असते, जुन्या क्रायस्लरला असतो तसा चिनीमातीचा वेगळा तुकडा नाही, हार्नेसमध्येच घातलेली सुमारे १.१ ओहमची वायर. कॉईलचा करंट मर्यादेत ठेवायला ती होती. एचईआय मॉड्यूल करंट स्वतःच आवरतं, साधारण साडेपाच अँपिअरला, म्हणून त्याच्यासोबत कॉईलला पूर्ण बारा व्होल्ट द्यायचे आणि रेझिस्टन्स वायर बाजूला ठेवायची. हे करायचं नसेल तरी गाडी सुरू होईल, पण ठिणगी कमजोर राहते आणि मग एवढा खटाटोप कशाला केला.

पूर्ण बारा व्होल्ट आणायचे कुठनं, तर जुन्या मॉड्यूलची लाल वायर आहे, चावीवर चालू होणारी. मी मोजली, चावी चालू करून इंजिन बंद ठेवून बॅटरीवर १२.५ आणि लाल वायरीवर ११.१. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या इग्निशन स्विच आणि कनेक्टरमध्ये दीड व्होल्टच्या आसपास गायब होतोय. म्हणून एक साधा चार पिनांचा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावला; त्याच्या पिनांवर नंबर असतात. लाल वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीकडनं थेट १२ गेजची वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधनं, आणि ८७ मधनं दोन वायरी, एक कॉईलच्या प्लसला, एक मॉड्यूलच्या बी ला. जुन्या स्विचवर आता फक्त रिले ओढण्याएवढाच बोजा आहे. एक गोष्ट मात्र रिले लावायच्या आधी बघून घ्या, सेल्फ मारताना त्या लाल वायरीवर करंट राहतो का. काही गाड्यांत चावी स्टार्टला नेली की काही वायरी मरतात. तसं असेल तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन पकडत नाही, आणि चावी सोडताक्षणी एकदा भुर्रकन उचलून धरल्यासारखं करतं. असं झालं की मॉड्यूल बदलत बसू नका, बी वर करंट येत नाहीये. माझ्या गाडीत तो होता. जुन्या सिस्टीममध्ये सेल्फ मारताना कॉईलला स्टार्टर रिलेच्या आय टर्मिनलवरनं वेगळी वायर यायची, ती आता नको होती, टोकाला श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) घालून हार्नेसमध्ये बांधून ठेवली.

जुना हार्नेस कापला नाही. ड्युरास्पार्कच्या कनेक्टरची वायरीसकट जोडी वेगळी मिळते, ती आणून त्यातनं सगळ्या वायरी काढल्या, म्हणजे उद्या कुणाला जुनं मॉड्यूल परत लावायचं तर नुसतं कनेक्टर बदलायचं. आधीच्या मालकाने कॉईलजवळ दोन ठिकाणी वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळली होती, टेप उन्हाने चिकट होऊन ओघळली होती, ते सगळं काढलं. प्रत्येक थिंबल नीट दाबून, ओढून बघून, वरनं श्रिंक ट्यूब. नारिंगी-जांभळी ह्या दोन वायरी एकमेकींना पिळून नेल्या आणि प्लगच्या वायरींपासून हातभर लांब ठेवल्या, त्यांच्यातला करंट इतका बारीक असतो की शेजारून हाय टेन्शन वायर गेली तर मॉड्यूलला भलताच इशारा मिळतो. हे सगळं करताना बॅटरीची मायनस केबल काढून ठेवली होती हे सांगायला नको.

पहिल्या सेल्फला सुरू झाली. आवाज चांगला. पण टायमिंग लाईट (ठिणगी नेमकी कधी पडते ते पुलीवरच्या खुणेवर दाखवणारा दिवा) लावला तर खूण जागेवर नाही, आणि अॅक्सिलरेटर दाबला की खूण पुढं जायच्या ऐवजी जाग्यावर थरथरत इकडंतिकडं. पिकअपच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या. पिकअप कॉईलच्या करंटला वरची आणि खालची अशी दोन टोकं असतात, मॉड्यूलने ज्या उतारावर तोडायला पाहिजे तो सोडून दुसऱ्या उतारावर तोडलं तर गाडी चालते पण टायमिंग चुकतं आणि वेगाप्रमाणं सरकत राहतं. माझा डिस्ट्रिब्युटर कधीतरी रिबिल्ट झालेला आहे, त्यामुळं आतल्या वायरींचे रंग फोर्डच्या डाग्रॅमप्रमाणं असतीलच असं नाही. म्हणून इथं मी रंग सांगत नाही. डब्ल्यू आणि जी वर दोन्ही प्रकारे लावून बघा, ज्यात खूण स्थिर उभी राहते आणि वेग वाढवला की गुळगुळीत पुढं सरकते ते बरोबर. वायरी अदलाबदल केल्या, व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली, बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरच्या आकड्याला टायमिंग लावलं, प्लगचा गॅप ०.०४४ इंच तसाच ठेवला.

मग तो ५५ वॅटचा बल्ब परत काढला. मॉड्यूलच्या स्क्रूपासून बॅटरीच्या प्लसला, पांढरा शुभ्र. इंजिन चालू ठेवून मीटर मॉड्यूलच्या तळापासून बॅटरीच्या मायनसला लावला, ०.०३ व्होल्ट. जुन्या काळ्या वायरीवर हाच आकडा जवळपास एक व्होल्ट होता.

त्याच शनिवारी दुपारी तीनला मुद्दाम बाहेर काढली. टेलर गावापर्यंत गेलो, परत आलो, घराच्या दारात अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभी केली, बॉनेट बंद, वारा नाही. हीटसिंकला हात लावला तर कोमट, हात ठेवून ठेवता येत होता. पोरगी पायरीवर बसून दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बाबा, बंद पडली का?" नाही पडली. नंतर सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, ऑस्टिनमधल्या मंडळाच्या कार्यक्रमाचं सगळं सामान, टेबलं, खुर्च्या, समया, ह्याच गाडीतनं नेलं. ग्लोव्ह बॉक्समधलं जास्तीचं मॉड्यूल अजून पाकिटातच आहे.

अण्णांना सगळ्या वायरिंगचे फोटो पाठवले होते, बारा-तेरा असतील. हीटसिंक, रिले, श्रिंक ट्यूब, टेपने बांधलेला हार्नेस. त्यांनी सगळे बघितले, एकेक मोठा करून, हे मला कळलं कारण उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. इंजिन ब्लॉकच्या बोल्टचा फोटो परत पाठवला होता, त्यावर बोटाने लाल गोल काढलेला, आणि खाली व्हॉइस मेसेज: "बाकी चांगलं केलंयस. इथं थिंबलच्या खाली दातेरी वॉशर दिसंना. तो घाल, आणि ब्लॉक पांढरा दिसेपर्यंत कानस मार."

वॉशर आणला, कानस मारली. फोटो पाठवला. अंगठा आला.